चाळीस माणसं, एक ओव्हन आणि कच्चा राहिलेला बटाटा

पत्र असं आलंय:

"ताई, पुढच्या महिन्यात आमच्याकडे गेट-टुगेदर आहे, चाळीस माणसं. मी मोठ्या तोंडाने सांगून बसलेय की बीफ आणि बटाट्याचा बेक केलेला कॅसरोल करणार. मागच्या वेळी बारा जणांसाठी केला होता तेव्हा रेसिपी डबल केली, सगळं एका मोठ्या खोल भांड्यात भरलं, खाली खिमा, वर कच्च्या बटाट्याच्या चकत्या, परत खिमा, परत बटाटा, आणि टोमॅटोची प्युरी. दीड तास ठेवलं तरी मधला बटाटा कचाकच, मग टेंपरेचर वाढवून 230 केलं तर वरचं चीज काळं, आणि तळाला तेलकट पाण्याचं तळं. शेवटी दीर म्हणाले पिझ्झा मागवू का. आता चाळीस जणांसाठी किती वेळ ठेवू? आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का? ओव्हन एकच आहे, घरगुती. आणि दोघं जण दूध-चीज खात नाहीत. — कच्च्या बटाट्याची धनी"

अगं धनीबाई,

आधी हसून घेतलं, सॉरी. हसले कारण हेच सगळं मी पण करून झालेय, फक्त माझ्याकडे दीर नव्हते, नणंद होती.

तू विचारतेयस "किती वेळ ठेवू", आणि तिथेच सगळी गडबड आहे बघ. तुझा समज असा की ओव्हन हे शिजवायचं मशीन आहे, जास्त माणसं म्हणजे जास्त वेळ. तसं नसतं गं. गर्दीसाठी करताना ओव्हनला फक्त शेवटचं काम द्यायचं, म्हणजे सगळं आतपर्यंत गरम करायचं आणि वरून खरपूस करायचं. शिजवणं आधीच, गॅसवर, आपल्या डोळ्यांसमोर उरकून घ्यायचं. कच्चा बटाटा त्या भांड्यात जाताच कामा नये. एवढं एक पाळलंस तरी अर्धी लढाई तिथेच संपली.

तुझा बटाटा कच्चा का राहिला ते सांगते, कारण ते कळलं नाही तर तू परत तेच करशील. पहिलं म्हणजे खोली. उष्णता कडेकडून आत सरकत सरकत जाते, आणि थर दुप्पट जाड केला की वेळ दुप्पट लागत नाही, जवळजवळ चौपट लागतो. 5 सेंटीमीटरचा थर तासाभरात आतून गरम होत असेल तर 10 सेंटीमीटरच्या थराला साडेतीन-चार तास धर, आणि तोवर वरच्या चीजचं काय होणार ते तू बघितलंच आहेस. दुसरं म्हणजे टोमॅटो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बटाट्याच्या पेशी ज्या पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात ते पेक्टिन आंबट गोष्टींमध्ये विरघळायला तयारच होत नाही, त्यामुळे टोमॅटोत बुडवलेली कच्ची चकती तासन् तास ठेवली तरी दाताखाली कचकन लागते. ती बिचारी गरम झाली होती, मऊ झाली नव्हती. आणि तिसरं, टेंपरेचर वाढवलंस. त्याने फक्त वरचा थर जळतो, मधल्या भागाला त्याचा पत्ताही नसतो.

तळाचं तळं? खिम्याची सुटलेली चरबी, कांद्याचं पाणी आणि पातळ प्युरी. खिमा नीट परतला नव्हतास, खरं सांग. एका कढईत सगळा एकदम घातला असशील, मग तो परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडला, करडा झाला आणि तू म्हटलंस झाला.

आता चाळीस जणांचं बघू. एक मोठं भांडं विसर. 33 बाय 23 सेंटीमीटरचे, 5 सेंटीमीटर खोल असे पाच ट्रे घे. हा सगळ्यात कॉमन बेकिंग ट्रे आहे, दोन तुझ्याकडे असतीलच, बाकीचे मागून आण. एका ट्रेचे आठ पीस, आडवे चार उभे दोन, एक पीस साधारण 350 ग्रॅमचा म्हणजे पोटभर. पाच आठे चाळीस. पातळ अॅल्युमिनियमचे वापरून फेकायचे ट्रे घेतलेस तर खाली बेकिंग शीट ठेवल्याशिवाय उचलू नकोस, मधोमध दुमडतात आणि मग जे काय होतं ते जमिनीवर होतं. आतून बेकिंग पेपर पण लाव, टोमॅटो आणि मीठ रात्रभर अॅल्युमिनियमला लागून राहिलं की धातूची चव येते. काचेचे ट्रे असतील तर एक लक्षात ठेव, फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नाही, तडकतात. मी काच टाळतेच.

माप सगळ्या पाच ट्रेंचं मिळून देते. बीफचा खिमा 5 किलो, त्यात चरबी 15 ते 20 टक्के असू दे, अगदी लीन घेतलास तर बेक होऊन भुसा होतो. परतल्यावर त्याचं वजन जवळपास पाव भागाने कमी होतं, ते धरूनच माप आहे, त्यामुळे "एवढा कशाला" म्हणून कमी करू नकोस. बटाटे सालासकट साडेसात किलो, सोलून सव्वासहापर्यंत उरतात. कांदे दीड किलो, लसणाचे दोन गड्डे, टोमॅटो प्युरी 1 लिटर, बीफचा स्टॉक किंवा साधं पाणी पाऊण लिटर, मैदा खिम्यासाठी 5 टेबलस्पून. व्हाइट सॉसला दूध 2 लिटर, बटर आणि मैदा प्रत्येकी 150 ग्रॅम. किसलेलं चीज पाऊण किलो. मिरपूड, थाइम किंवा ओरेगॅनो, आणि आवडत असेल तर वूस्टरशायर सॉस. मिठाचं मात्र आंधळेपणाने पाचपट करू नकोस, खिम्याला 40 ग्रॅमपासून सुरू कर आणि चाखत वाढव, कारण स्टॉक खारट, चीज खारट, वूस्टरशायर पण खारट.

तुकडे घेऊ की खिमा असा प्रश्न तुला पडेलच, तू विचारला नाहीस तरी. खांद्याकडच्या मांसाचे तुकडे अडीच-तीन तास मंद शिजवले की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि चव खिम्यापेक्षा दहा पटीने भारी लागते हे मला मान्य आहे. पण 5 किलोचे तुकडे करणं, बॅच बॅचने लाल करणं, मग तीन तास राखण करणं, हे दहा जणांसाठी ठीक आहे. चाळीस जणांसाठी खिमाच घे आणि झोप पूर्ण कर.

खिमा परतायचा कसा ते नीट वाच, कारण चव सगळी इथे बनते. कढईत केलास तर एका वेळी 1 किलोच्या वर नाही, कढई कडक तापलेली, खिमा पसरून घालायचा आणि दोन-तीन मिनिटं त्याला हातच लावायचा नाही. तळाला ब्राउन झाला की मग मोड. पाच वेळा करायचं म्हणजे हात दुखणार, म्हणून मी काय करते सांगू, खिमा सरळ ओव्हनमध्ये परतते. दोन मोठ्या कडेच्या बेकिंग ट्रेवर सव्वा-सव्वा किलो पातळ पसरायचा, 230 ला 20-25 मिनिटं, मध्ये एकदा बाहेर काढून चमच्याने फोडायचा आणि ट्रेच्या जागा बदलायच्या. आधी पाणी सुटेल, घाबरू नकोस, ते आटतं आणि मग कडा लाल व्हायला लागतात. दोन फेऱ्यांत 5 किलो खल्लास. सुटलेली चरबी गाळून घे, त्यातली चार-पाच चमचे कांदा परतायला ठेव, बाकीची गार झाल्यावर कचऱ्यात टाक, सिंकमध्ये नको, पाइप तुंबतो. एक छोटी युक्ती, किलोला अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून खिम्याला चोळून पंधरा मिनिटं ठेवलास तर तो पाणी कमी सोडतो आणि लवकर लाल होतो. अर्ध्याच्या वर गेलीस तर साबणासारखी चव येईल.

मग मोठ्या पातेल्यात त्या चरबीत कांदा चांगला पंधरा-वीस मिनिटं, पांढरा नाही, सोनेरी. लसूण, मैदा, मग प्युरी, आणि प्युरी इतकी आटव की चमचा ओढला तर पातेल्याचा तळ दिसला पाहिजे. मोठ्या पातेल्यात पाणी हळू आटतं, कारण जिन्नस वाढला त्या मानाने वरचं उघडं तोंड वाढत नाही, म्हणून चौघांच्या रेसिपीतला स्टॉक दहापट करून ओतलास तर सूप होणार. अर्धा लिटर घाल, खिमा घाल, बघ, लागला तरच उरलेला. शेवटी मिश्रण चमच्यावरून पडताना गोळ्याने पडावं, ओघळू नये.

बटाट्याला 4-5 मिलिमीटरच्या चकत्या. सुरीने सव्वासहा किलो कापत बसू नकोस, स्लायसर घे आणि बोटं सांभाळ. चिरलेला बटाटा उघडा राहिला की काळा पडतो म्हणून चिरल्या चिरल्या पाण्यात टाक. मग थंड मिठाच्या पाण्यात (लिटरला 10 ग्रॅम मीठ) घालून उकळी आण, आणि उकळी आल्यावर 5-6 मिनिटं, एक चकती काढून सुरीचं टोक टोचून बघायचं, विरोध न करता आत गेलं पाहिजे पण उचलली तर तुटायला नको. जास्त मेणचट जातीचा बटाटा चकत्यांना बरा, पिठूळ जातीचा लवकर फुटतो, पण घरात जो असेल तो घे आणि वेळेवर लक्ष ठेव. एका पातेल्यात दीड-दोन किलोच, नाहीतर वरच्या कच्च्या आणि खालच्या लगदा. निथळून कापडावर पसर आणि वाफ पूर्ण जाऊ दे. ही पायरी सगळे गाळतात आणि मग तळाला तळं का म्हणून पत्र लिहितात.

वर चकत्यांऐवजी मॅश लावला तर? खरं तर मला तोच जास्त आवडतो, फ्रेंच लोक खिम्यावर मॅश लावून बेक करतात त्याला पार्मांतिए या माणसाचं नाव दिलंय, हा 1737 साली जन्मलेला फार्मासिस्ट, त्याने फ्रान्समध्ये लोकांना बटाटा खायला लावला. मॅशचा फायदा म्हणजे तो सगळं झाकून टाकतो, चुका पण. तोटा म्हणजे तीन-साडेतीन किलो मॅश हाताने करायला लागतो, कारण मिक्सरमध्ये फिरवलास तर स्टार्च सुटून डिंक होतो. तू दोन्ही कर ना, खाली चकत्या, वर जाडाभरडा कुस्करलेला. वरच्याला कसंही फासलं तरी चालतं आणि त्याचे उंचसखल कोपरेच खरपूस होतात.

थर फक्त तीन, जास्त नाही. तळाला बटाटा, तो खिम्याचा रस पितो. मध्ये खिमा, दीडेक सेंटीमीटर. त्यावर व्हाइट सॉस, वर बटाटा. बटर-मैदा दोन मिनिटं परतून दूध थोडं थोडं घालत केलेला सॉस, जायफळ चिमूटभर. मैद्यामुळे दूध फाटत नाही, नुसतं दूध किंवा पातळ क्रीम ओतलंस तर टोमॅटोच्या आंबटपणाने फाटणार म्हणजे फाटणार. ट्रे काठोकाठ भरू नकोस, एक सेंटीमीटर रिकामं सोड, उकळून ओव्हनच्या तळाला सांडलं की सगळ्या घरात जळका वास.

आता आदल्या दिवशी करायचं का? करायचंच, एका दिवसात हे होणारच नाही. पण इथे एक गोष्ट मी जरा दटावून सांगणार आहे. 5 किलो गरम खिम्याचं पातेलं झाकण लावून ओट्यावर "गार होऊ दे" म्हणून ठेवायचं नाही आणि तसंच उचलून फ्रिजमध्येही नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जिवाणू आहे, त्याचे बीजाणू शिजवण्यातून जिवंत राहतात आणि मोठ्या भांड्यातलं मांस हळूहळू कोमट होत जातं तेव्हा ते भराभर वाढतात. मोठ्या जेवणावळीनंतर रात्रभर पोट धरून बसलेल्या मंडळींमागे बऱ्याचदा हाच असतो. तर नियम असा की साधारण 57 अंशांवरून 21 पर्यंत दोन तासांत यायला हवं आणि तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत. त्यासाठी खिमा पसरट ट्रेंमध्ये 4-5 सेंटीमीटरच्या थरात काढ, खाली दुसऱ्या परातीत बर्फाचं पाणी, मधून मधून हलव. वाफ गेली की फ्रिजमध्ये, आधी उघडं, गार झाल्यावर झाकून. बटाटा आणि सॉसचं पण तसंच. सगळं थंड झाल्यावरच थर लाव, गरमावर थंड, थंडावर गरम असलं काही नको. सॉस गार झाल्यावर घट्ट होईल, दुधाचा हबका मारून सैल कर. आणि फ्रिज आदल्या दिवशीच रिकामा करून ठेव, पाच ट्रे म्हणजे सगळे कप्पे गेले. फ्रीझरचा विचार असेल तर खिमा फ्रीझ होतो मस्त, आठवडाभर आधीच करून ठेव, मॅश पण ठीक राहतो, चकत्या मात्र नको, बर्फाने त्यांचा पोत फाटतो आणि सुटल्यावर पाणी सोडतात.

एक ओव्हन, पाच ट्रे. घरगुती ओव्हनमध्ये दोन कप्प्यांवर एक-एक असे दोनच मावतात, आणि दोन थंडगार ट्रे आत गेले की ओव्हनचाही दम जातो, म्हणून वेळ सढळ धर. समज जेवण साडेसातला. 4 वाजता पहिले दोन ट्रे, 180 ला, वर फॉइल घट्ट, चीज अजून नाही. पाऊण तासाने वरचा खाली, खालचा वर. साडेपाचला थर्मामीटर मधोमध खुपसून बघ, 74 अंश दिसले की बाहेर, नसेल तर आणखी दहा मिनिटं. अगं थर्मामीटर घेच, बाकी कशावर खर्च नको करू. हे दोन ट्रे फॉइलसकट जाड टॉवेलात गुंडाळून आइस बॉक्समध्ये, जो तू आधी उकळतं पाणी ओतून तापवून ठेवला आहेस. गच्च झाकण. दोन तास आरामात 60 च्या वर राहतात, पण मध्ये एकदा थर्मामीटरने खात्री कर, 60 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. साडेपाच ते सात पुढचे दोन. सातला फॉइल काढ, चीज पसर, 220 ला दहा मिनिटं. मग बॉक्समधले दोन, त्यांनाही चीज आणि दहा मिनिटं. चीज शेवटी का, तर सुरुवातीपासून ठेवलं की तेल वेगळं होतं आणि वर चामडं बनतं. पाचवा ट्रे तेव्हा आत टाक, ओव्हन परत 180 वर आणून, तो पावणेनऊपर्यंत बाहेर येतो आणि दुसऱ्यांदा घ्यायला येणाऱ्यांना गरम गरम मिळतो. चाळीस माणसं एकदम पाचही ट्रेंवर तुटून पडत नाहीत, आधी गप्पा असतात.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांब. सगळे ताटं घेऊन उभे राहतील, थांब तरी. लगेच कापलंस तर पीस पसरतो, थांबलीस तर सॉस बसतो आणि चौकोनी निघतो.

दूध-चीज न खाणाऱ्या दोघांसाठी वेगळा छोटा ट्रे कर, आणि तो सगळ्यात आधी भर, चीजचे हात लागायच्या आत. व्हाइट सॉसऐवजी तेलात मैदा परतून स्टॉक घालून केलेली घट्ट ग्रेव्ही, वरचा बटाटा ऑलिव्ह ऑइल घालून कुस्करलेला, त्यावर तेलात घोळवलेला ब्रेडचा चुरा. ब्रेडच्या पाकिटावर दूध लिहिलंय का ते वाच, वूस्टरशायरची बाटली पण वाच, त्यात अँकोव्ही म्हणजे मासे असतात, कोणाला माशांची अॅलर्जी असली तर पंचाईत. या ट्रेचा चमचा वेगळा आणि वर चिठ्ठी. इतर लोक "टेस्ट करू जरा" म्हणून तोच संपवतात, अनुभव आहे.

आणि हो, या महिन्यात एका रविवारी एकच ट्रे करून बघ. 1 किलो खिमा, दीड किलो बटाटा, बाकी सगळ्याचा पाचवा हिस्सा. तुझ्या ओव्हनमध्ये फ्रिजमधला ट्रे 74 वर यायला किती वेळ लागतो तो कागदावर लिहून ठेव, कारण माझे दीड तास माझ्या ओव्हनचे आहेत, प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं, परत खाताना नीट कडकडीत गरम करून. दुसऱ्या दिवशी एक पीस तव्यावर थोड्या बटरमध्ये उलटा टाकून खरपूस कर आणि एकटीनेच खा.

दिरांना त्या दिवशी टाइमर आणि फॉइलच्या कामाला बसव. पावणेपाचला ट्रेच्या जागा बदलायला विसरले तर पिझ्झा त्यांच्या खर्चाने.

— ताई